सासूबाईंचं वजन वाढलं तेव्हा

"हार्ट फेल्युअर," डॉक्टर म्हणाले, आणि मी चटकन सासूबाईंकडे बघितलं. त्या समोरच्या खुर्चीत बसून पदराने चष्मा पुसत होत्या. हार्ट फेल झालेलं माणूस चष्मा पुसत नाही, एवढं वैद्यकीय ज्ञान मलाही होतं. त्यामुळे मला वाटलं, डॉक्टरांच्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी रिपोर्ट आला असावा.

डॉक्टरांना माझ्या चेहऱ्यावरून ते कळलं असणार. त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालू असतं, पण त्याची ढकलायची ताकद कमी झालेली असते. जुना पंप जसं वरच्या मजल्यावर पाणी पोचवत नाही, तसं. मग पाणी साचतं, आधी पायात आणि नंतर फुप्फुसात.

"म्हंजे माजा पंप गेला?" सासूबाईंनी विचारलं.

"गेला नाही आजी. दमलाय."

टू-डी इको म्हणून एक तपासणी असते, हृदयाची सोनोग्राफी म्हणा. त्यात इजेक्शन फ्रॅक्शन नावाचा आकडा येतो. आत आलेल्या रक्तातलं किती रक्त हृदय एका ठोक्यात बाहेर ढकलतं, तो आकडा. पंचावन्नच्या वर असला तर उत्तम. सासूबाईंचा होता तीस.

"तीस म्हंजे नापास," त्या म्हणाल्या आणि चष्मा घातला.

हे लिहायला बसले त्याचं कारण असं, की तुमच्याही घरात कुणाच्या तरी पायाला सूज येत असेल आणि तुम्ही माझ्यासारखंच काहीतरी शहाणपण करत असाल. सासूबाईंचे पाय दोन महिने सुजत होते. चपला घट्ट होतायत म्हणाल्या, तर मी त्यांना एक माप मोठ्या चपला आणून दिल्या. जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा त्यांचं अंथरूण खालच्या खोलीत आणलं. डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला, उचलला, आणि तिथे पिठात बोट रुतवावं तसा खड्डा राहिला. याला पिटिंग इडिमा म्हणतात, म्हणजे पाणी साचून आलेली सूज. दोन महिने तो खड्डा बघायला घरात कुणाला सवड नव्हती. मलाही नव्हती, आणि मी तर दिवसभर घरातच असते.

आता आमच्या घराची ओळख. आम्ही कोलशेतचे आगरी. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले तरी आमचं दुमजली घर आहे तिथेच आहे. सासूबाईंचं माहेर कोपरीचं. लहानपणी त्या आईबरोबर खाडीकाठच्या मिठागरावर कामाला जायच्या. मी थोरली सून, रंजना. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. धाकटी जाऊ मृण्मयी. ती डोंबिवलीच्या एका नोकरदार, पुस्तकं वाचणाऱ्या घरातली. दिरांनी प्रेमविवाह केला आणि ते तिकडेच, डोंबिवली पश्चिमेला राहायला गेले. ती तिथल्या शाळेत शिकवते.

मृण्मयी चांगली आहे. हे वाक्य मी गेली चौदा वर्षं म्हणतेय आणि दर वेळी दात थोडे आवळले जातात.

सासूबाईंना सहा दिवस ठाण्यातल्या हॉस्पिटलात ठेवलं. शिरेतून डाययुरेटिक, म्हणजे लघवी वाढवणारं औषध सुरू केलं. अंगात साचलेलं पाणी उतरायला लागलं. दिवसाचं पाणी मोजून दीड लिटर. आणि सगळ्यात मोठं पथ्य मिठाचं. वरून मीठ अजिबात नाही.

मिठागरावर वाढलेल्या बाईला अळणी खायला सांगणं म्हणजे काय, ते पहिल्याच दुपारी कळलं. हॉस्पिटलच्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी घरचा डबा आणायला परवानगी दिली, बिनमिठाचा, या अटीवर. दुपारचा डबा माझा आणि संध्याकाळचा मृण्मयीचा, असं ठरलं.

माझा डबा अर्धा परत यायचा. मृण्मयीचा रिकामा.

यात जादू काय होती, ते मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम मागे थांबून बघितलं. मृण्मयीने माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कोर्स केलेला आहे. त्याचा अर्थ तिने मला सांगितलाय. जे चाललंय त्याच्याकडे नीट लक्ष द्यायचं, नावं न ठेवता. नावं न ठेवता! मग आमच्या घरात लोकांनी दिवसभर बोलायचं तरी काय?

तर तिने मुगाच्या खिचडीचा डबा उघडला आणि तसाच धरून ठेवला.

"आई, आधी वास घ्या. घाई नाही. आता एकच घास. काय लागतं सांगा."

"काय लागल? माती."

"बरं, माती. अजून काय?"

सासूबाई चावत राहिल्या. "जिरा लागते. आन्... तूप हाय का?"

"आहे."

"थोरा करपलाय."

"हो, जरा करपलं माझ्याकडून."

आणि अशा गप्पा मारत त्या अख्खा डबा जेवल्या! करपलेल्या तुपातली खिचडी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पहाटे उठून केलेली दुधीची भाजी परत येते आणि हिचं करपलेलं जिरं चावून चावून खाल्लं जातं.

वर सिस्टर आल्या आणि सासूबाईंना विचारतात, "आजी, ही मुलगी का तुमची?"

"मुलगीच समज."

"आणि या?"

"ई मोठी सून."

मी हसले. हसणं भाग होतं. पण तेवढ्यात माझ्या पोटात जे दुखलं, त्याला कुठल्याच तपासणीत आकडा येत नाही.

जेवण झाल्यावर मृण्मयी सासूबाईंना दोन मिनिटं श्वास बघायला लावायची. मग करुणेचा सराव. डोळे मिटून आधी आपल्या आवडत्या माणसाला म्हणायचं, सुखी राहा. मग स्वतःला. शेवटी ज्याच्याबद्दल मनात अढी आहे त्याला. "वहिनी, तुम्हीपण बसा ना," ती म्हणाली. बसले. "आता जिच्याबद्दल मनात जरा अढी आहे अशी एखादी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा," ती म्हणाली. मी एक डोळा उघडला. डोळ्यांसमोर आणायचे कष्टच नव्हते, ती समोरच बसलेली.

घरी सोडताना डॉक्टरांनी सूचना दिल्या, त्या मृण्मयीने सुवाच्य अक्षरात एका वहीत उतरवून घेतल्या. मी त्यांच्याकडे नाही, तिच्या पेनाकडे बघत होते. वही माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "वहिनी, यात सगळं आहे. एकदा वाचून घ्या." मी ती फ्रिजवर ठेवली आणि वाचली नाही. का, तर अक्षर तिचं होतं. एकोणतीस वर्षं सासू सांभाळल्यावर ती कशी सांभाळायची हे डोंबिवलीहून लिहून आलेलं वाचू? एवढंच कारण. दुसरं कुठलं असतं तर सांगितलं असतं.

वजनाचा काटा मात्र मी आणला. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं, एवढं माझ्या कानावर पडलेलं. कशासाठी, ते वहीत होतं.

माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेहून आमच्याकडे स्कूटरने यायला फार वेळ लागत नाही. लोक म्हणतात, पुलाने माणसं जवळ आली. माझ्या बाबतीत पूल झाला आणि सासू लांब गेली. मृण्मयी शाळा सुटली की साडेतीनला दारात हजर. स्कूटरचा आवाज आला की सासूबाई उठून बसायच्या, केसांवरून हात फिरवायच्या. मी दिवसभर समोर असते, माझ्यासाठी कुणी केसांवरून हात फिरवलेला मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी मी केलेली तांदळाची पेज त्यांनी दोन चमच्यांत बाजूला सारली. "रंजे, नको गो. मृण्मयी येल तवा खाईन कायतरी."

मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर बरणीत खारा मासा होता, पावसाळ्यासाठी खारवून सुकवलेला. दुसऱ्या दिवशी मी त्याचा बोटभर तुकडा काढला, दोन पाण्यांतून धुतला, फडक्यात बांधला आणि पेज रटरटत असताना आत सोडला. पेज झाल्यावर पुरचुंडी काढून घेतली. तुकडा मीच खाऊन टाकला. पुरावा नष्ट.

मिठाच्या डब्याला मी हात लावला नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं. डॉक्टर काय म्हणाले? वरून मीठ घालायचं नाही. मी वरून घातलं? नाही. मासा धुतला? दोनदा. आमच्याकडे बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला पेजेबरोबर खाऱ्याचा तुकडा देतातच. त्याने तोंडाला चव येते, माणूस उभं राहतं. मग माझं चुकलं काय?

मी पेज नेऊन दिली आणि दारात उभी राहिले. सासूबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला. थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि वाटी निपटून खाल्ली.

"तुज्या हाताला चव हाय गो," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी मृण्मयीने आणलेला दलिया अर्धा परत गेला. मी तो डबा विसळून, पुसून, अगदी प्रेमाने तिच्या पिशवीत ठेवला. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

नऊ दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी काट्यावर सव्वा किलो वजन जास्त दिसलं. मी हरखले. हॉस्पिटलात वाळलेली सासू माझ्या पेजेवर भरत होती! मी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आईंचं वजन सव्वा किलोने वाढलं. पेज मानवली.' पुढे दोन फुलं. नणंदेने अंगठा पाठवला, मुंब्र्याच्या मावशींनी हात जोडले.

पाच मिनिटांनी मृण्मयीचा मला एकटीला मेसेज आला. 'वहिनी, किती दिवसांत वाढलं? वहीत दुसऱ्या पानावर बघा ना. अचानक वजन वाढलं तर डॉक्टरांना कळवायचं असतं.'

मी वाचला आणि म्हटलं, जळतेय मेली. तिला फक्त हात जोडलेलं चित्र पाठवून दिलं.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेत परीक्षा लागल्या आणि तिचं येणं रविवारवर गेलं. मैदान मला मोकळं मिळालं.

दहाव्या दिवशी सकाळी सासूबाई उशीला टेकून बसलेल्या दिसल्या. "आडवी पडले का बुडल्यासारका वाटते," त्या म्हणाल्या. ओठ निळसर होते. पाय दाबून बघितला तर खड्डा. माझे मिस्टर गाडी काढेपर्यंत मी त्यांना मोठ्या मापाच्या चपला घालत होते आणि त्याही चढत नव्हत्या.

हॉस्पिटलात त्यांना थेट आयसीयूत नेलं. फुप्फुसात पुन्हा पाणी झालं होतं, पल्मनरी इडिमा म्हणतात त्याला. मृण्मयी आणि दीर डोंबिवलीहून तासाभरात पोचले. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "खाण्यात काही बदल झाला होता का?"

कुणी काही बोलायच्या आत मृण्मयी म्हणाली, "मी रविवारी त्यांना पाव दिला होता. बेकरीचा. दुधात बुडवून. पावात मीठ असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही." आणि ती रडायला लागली.

डॉक्टर आत गेले आणि माझे मिस्टर सुटले. "आई म्हणजे काय शाळा आहे का प्रयोग करायला? वास घ्या, श्वास घ्या! झालं ना आता?" दीर बायकोकडे बघतसुद्धा नव्हते. "तुला हजारदा सांगितलेलं, जास्त शहाणपणा करू नको."

आता खरं सांगते. आत सासूला ऑक्सिजन लावलेला होता, बाहेर मृण्मयी रुमालात तोंड लपवून रडत होती, आणि मला बरं वाटलं. चौदा वर्षांत माझ्यादेखत कुणी तिला पहिल्यांदाच बोललं होतं. ते गोड लागलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "जाऊ दे गं, होतं असं." तिने माझा हात घट्ट धरला. मेसेजबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढू शकली असती, फोन तिच्या पर्समध्येच होता.

दुपारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. "एका पावाने एवढं पाणी साचत नाही," ते म्हणाले. "दुसरं काही खाण्यात गेलं नसेल, तर याचा अर्थ औषध पुरत नाहीये. मला डोस बराच वाढवावा लागेल. अडचण एवढीच की त्यांचं क्रिएटिनिन आधीच वर आहे." क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती काम करतेय ते दाखवणारा आकडा. डोस वाढवला की किडनीवर ताण येतो. "धोका आहे, पण मग इलाज नाही. संध्याकाळच्या राउंडपर्यंत ठरवतो. नीट आठवून सांगा. लोणचं, पापड, फरसाण, काहीही?"

"नाही," माझे मिस्टर म्हणाले. "घरात रंजना आहे ना. ती डोळ्यांत तेल घालून बघते."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

चार वाजता आयसीयूत पाच मिनिटं सोडलं. मी एकटी गेले. सासूबाईंच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी तो बोटाने जरा उचलला.

"रंजे. माशाचा सांगू नको कोनाला."

"आई, तुम्हाला कळलेलं?"

"पयल्याच घासाला कलला. मीठ वलखाची नाय का मी? जल्म मिठात गेला."

"मग खाल्लं कशाला?"

त्यांनी मास्क पुन्हा लावला, दोन श्वास घेतले, पुन्हा उचलला. "तू दारात उबी व्हतीस. कवऱ्या आशेन बगत व्हतीस." परत मास्क. परत उचलला. "आन् चव पन व्हती. खोटा कला बोलू. कोनी इचारला तं बोल, म्हातारीनंच मागला."

सिस्टरनी मला बाहेर काढलं.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. मी शेवटच्या खुर्चीत बसले. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? बघ, माझ्यावर जास्त जीव आहे, हे आलं! आत बाई पाण्यात बुडतेय, माझ्या हातच्या पाण्यात, आणि मी अजून गुण मोजतेय. मोठी सून एक, धाकटी शून्य.

मला हसू आलं आणि त्याच हसण्यातून रडू फुटलं. छातीत जे जळत होतं ते मी पहिल्यांदाच सरळ बघितलं. चौदा वर्षं मी त्याला नावं देत होते, ती पुढे पुढे करते, तिला घरातलं काय कळतं, ती दिखाऊ आहे. ही सगळी तिची नावं होती. माझ्यात जे होतं त्याचं नाव साधं होतं. हेवा. नाव घेतल्याने तो गेला नाही. पण मी त्याच्या हातातून निसटून उठू शकले, एवढं झालं.

सासूबाईंनी दिलेली पळवाट होती. म्हातारीनेच मागितलं म्हणायचं. कुणीही विश्वास ठेवला असता. पण मग पुढच्या वेळी डॉक्टर त्यांना दटावणार, घरचे त्यांच्यावर पहारा ठेवणार, आणि मी डोळ्यांत तेल घातलेली ती घातलेलीच राहणार.

मी डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं आणि सगळं सांगितलं. फडकं, पुरचुंडी, सगळं.

"किती दिवस?"

"नऊ."

"तुकडा केवढा?"

मी बोट दाखवलं. ते त्या बोटाकडे बघत राहिले. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे औषध काम करत होतं. डोस एवढा चढवायची गरज नाही, मीठ बंद केलं की उतरेल." मग पेन ठेवून म्हणाले, "लोक सांगत नाहीत हो. आणि आम्ही औषधं बदलत बसतो."

मिस्टरांना आणि दिरांना सांगितलं. दीर मृण्मयीला शोधायला खाली जायला निघाले, पण तिला मीच सांगायचं होतं. ती कँटीनमध्ये चहाचा कप पुढ्यात घेऊन बसलेली. प्यायली नव्हती.

मला वाटलेलं, ती डोळे मिटून घेईल, दोन श्वास घेईल आणि मला माफ करेल. तेवढा कोर्स केलाय म्हटल्यावर.

"मी तुम्हाला मेसेज केलेला वहिनी!" ती एवढ्या जोरात ओरडली की काउंटरवरच्या माणसाच्या हातातला पळा थांबला. "दुसरं पान बघा म्हटलेलं! आणि सकाळपासून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात? तो हात? माझ्यामुळे आई मरतायत असं वाटून मी रडतेय, आणि तुम्ही 'जाऊ दे गं' म्हणताय?"

"मृण्मयी, ऐक—"

"नाही ऐकणार. आणि आता मला श्वास-बिस घे म्हणून सांगू नका."

ती निघून गेली. चहा तसाच राहिला. मला तिची ती चिडलेली मुद्रा बघून फार वाईट वाटलं, आणि तिच्याशी चौदा वर्षांत हे पहिलंच खरं बोलणं झालं, असंही वाटलं.

पाच दिवसांनी सासूबाई घरी आल्या. मी वही फ्रिजवरून काढली. पहिल्या पानापासून वाचली. दुसऱ्या पानावर चौकटीत लिहिलेलं, 'दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नव्हे, पाण्याचं. लगेच फोन.' खाली ठसठशीत अक्षरात, 'लपलेलं मीठ: पाव, बिस्किट, पापड, लोणचं, तयार सूप, सोडा घातलेलं सगळं. सुकी मासळी, खारा मासा. (वहिनींना विचारायचं, अजून काय काय असतं.)'

वहिनींना विचारायचं. ती मला विचारणार होती. खाऱ्यातलं मला कळतं, हे तिला माहीत होतं. हे वाचताना मला काय झालं ते इथे लिहीत नाही.

मृण्मयी यायची थांबली. फोन सासूबाईंना करायची, मला नाही. साडेतीन वाजले की सासूबाई दाराकडे बघायच्या.

"ती येत नाय तं तू बस," एक दिवस त्या म्हणाल्या. "मना एकटीला जमत नाय."

मृण्मयीने वहीच्या शेवटच्या पानावर तो सराव लिहून ठेवलेला. मग वही उघडून मी बसायला लागले. दोन मिनिटं श्वास. माझ्या दोन मिनिटांत काय काय यायचं, विचारू नका. कुकरची शिट्टी, दुधाचा हिशोब, आणि मृण्मयी. मी तक्रार केली तर सासूबाई म्हणाल्या, "मिठागरात पान्यावरना फली वढायची ना, तवा घाई केलीस का खालचा चिखल वर येते. सगला मीठ काला. हलू वढायची. चिखल खालीच रात्ये, तो जात नाय कुटं." त्या हे ध्यानाबद्दल बोलत होत्या की मिठाबद्दल, ते मी विचारलं नाही. त्या लगेच घोरायलाही लागल्या.

मग करुणेचं. अढी असलेल्या माणसाला सुखी राहा म्हणायचं. पहिले काही दिवस मी ते कडू काढ्यासारखं प्यायले. एकदा साडेतीनला डोळे मिटले, आणि नुसती ती दिसली. सहा तास वर्गात उभी राहून, हेल्मेट घालून, पूल ओलांडून यायची. दारात चप्पल काढायची आणि सरळ आईंजवळ. ती जेवून यायची का? शाळेत डबा खायची? मला माहीत नव्हतं. आमच्या घरात टपाल घेऊन आलेल्या माणसालासुद्धा जेवलात का विचारतात. तिला मी कधीच विचारलं नव्हतं. सूज बघायला सवड नव्हती तशीच ही भूक बघायला नव्हती, आणि इथे तर मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

मी तिला मेसेज केला. माफीचे चार परिच्छेद लिहिले, पुसले. शेवटी एवढंच पाठवलं, 'उद्या ये. जेवायला ये.' उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्कूटरचा आवाज आला. सासूबाई उठून बसल्या. मृण्मयी आत आली, पण त्यांच्याकडे गेली नाही. सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली, ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण काढलं, चमचा घेतला आणि सासूबाईंसाठी ठेवलेली पेज चाखली. माझ्यासमोर. माझ्या घरात. एकोणतीस वर्षांत माझं रांधलेलं कुणी असं तपासून घेतलं नव्हतं. कानशिलं तापली. जीभ वळवळली. मी ते सगळं बघितलं आणि उभी राहिले.

"अळणी आहे," ती म्हणाली.

"हो."

"चालेल."

त्याला आता सहा महिने झाले. मागच्या महिन्यातल्या इकोत आकडा अडतीस आला. सासूबाई म्हणतात, पास झाले. मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे, की त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं आणि मला रागाचा एक शब्द बोलले नाहीत. तुमच्यापैकी कुणी असंच कुणाचं पथ्य सांभाळत असेल, तर माझं एवढं ऐका. पेशंटचं वजन रोज करा. आणि ताट घेऊन जाताना दारात क्षणभर थांबून बघा, की हे ताट तुम्ही कुणासाठी नेताय. पेशंटसाठी, की कुणाला तरी हरवण्यासाठी? मला तो क्षण परवडला असता. मी घेतला नाही.

मृण्मयी मला माफ करते म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. ती आली की आधी चाखते, मग आईंकडे जाते. आता मीच चमचा तिच्या हातात देते आणि मग तिचं ताट वाढायला घेते, मिठाचं, आमच्या सगळ्यांसारखं. हेवाही येतो. आई तिच्याशी हसून बोलल्या की तो येतोच, वेळेवर. मी त्याला म्हणते, आलास का, बस. आणि पोळी लाटते.

परवा तिने चाखून झाल्यावर चमचा माझ्यापुढे धरला. "तुम्हीपण बघा वहिनी, जिरं जास्त झालंय का." मी चाखलं. तिने पुन्हा चाखलं. मला नक्की वाटेना, मी परत एक चमचा घेतला.

आतल्या खोलीतून आवाज आला, "मना ठेवा गो थोरी!"